चोवीस खणांची डबी

गोंदियाच्या बाजारात घेतली मी डबी,
पारदर्शक, चोवीस खणांची, झाकणाला कडी.
कानातल्यांसाठी का, दुकानदारानं विचारलं.
हो म्हटलं.
गऱ्यांसाठी म्हटलं असतं
तर त्यानं एकदा माझ्या नखांकडे पाहिलं असतं.

बाचं सामान सपरीत, आड्याला टांगलेल्या
दुधाच्या जुन्या कॅनमध्ये.
चपलेचा एक तळवा, त्यात रोवलेल्या गऱ्या.
मोडक्या कंगव्याला गुंडाळलेला तंगूस.
दातांनी दाबून बसवायचे शिशाचे मणी.
मोरपिसाच्या दांडीचे सहा तरंगे,
एकाला माझी नेलपॉलिश, आठवीतली.
सलाइनची नळी (कशासाठी, त्यालाही आठवेना)
आणि तळाशी मूठभर धानाचा कोंडा,
ओल पिऊन पिऊन काळा पडलेला.

तो तळवाही गरीलाच लागला होता म्हणे,
गावाखालच्या बोडीत, एका पहाटे.
वाटलं मरळ आहे, एवढा ओढत होता.
मालक अजून दुसऱ्या पायातली घेऊन
पाळीवर फिरत असेल, बा म्हणतो,
आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखा हसतो.

दुपारभर बसले.
चिमट्यानं एकेक उपटली,
पॉलिश पेपरनं गंज उतरवला,
टोरीच्या तेलाचा बोळा फिरवला.
नंबर जितका मोठा तितकी गरी बारकी,
हे उलटं गणित मला शाळेच्या आधीपासून येतं.
खणाखणावर चिठ्ठ्या लावल्या,
चार, सहा, आठ, बारा.
वाकड्या, बोथट, काटा नसलेल्या
एका कागदात गुंडाळून फेकायला काढल्या.
ग्रामपंचायतीचे दाखले लावते ना मी दिवसभर,
हात तसाच चालला.

बा आला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
उजव्याचं दिवाळी झाल्यावर.
डबी हातात घेतली, अंगठा फिरवला झाकणावरून,
मग खणांवरून, एकदा, दोनदा.
"मरळची कोटी आहे?"
"सहा नंबरात."
"नंबर नाही इचारलो, देवांगना. मरळची इचारलो."

मग कळलं, टाचेशी मरळच्या होत्या.
मधल्या खोलगट जागेत शिंगाळ्याच्या,
जिथे बोट आपोआप घसरतं.
चवड्याकडे बारक्या, पोरांना द्यायच्या,
आणि पट्टा तुटलेल्या भोकाजवळ
ज्या कधी ना कधी त्याच्याच हातात शिरल्या त्या.
अंधारात, डोंग्यात, पावसात
त्याला नुसता तळवा हाती लागला की पुरे.

कागदाची पुडी त्यानं उघडली.
काटा कानशीनं घासलेली एक गरी काढली.
"हे तुही."

मी नऊ वर्षांची, पाळीवर अनवाणी,
टाचेत गेली होती.
मी ओढत होते मागे, रडत.
मागं नको ओढू, तो म्हणाला होता,
काटा उलटा असतो, आल्या वाटेनं गरी निघत नाही.
पुढं ढकलली त्यानं, कातडीतून पार,
काटा बाहेर आला तेव्हा घासून काढला,
मग ती सरकन निघाली.
मी त्याच्या दंडाला चावले होते.
त्याचा वण त्यानं या वेळी दाखवला नाही.

संध्याकाळी त्या गऱ्या परत तळव्यात गेल्या.
मी देत होते, तो रोवत होता.
दोनदा मी बारकी दिली मरळच्या जागी;
त्यानं न बोलता परत केली.
नवा कोंडा मीच भरला, चाळून.
डबीत आता डोळ्यांचे थेंब,
रेशनच्या पावत्या आणि एक विडीचं थोटूक.
एकवीस खण रिकामे.

साकोलीच्या स्टँडवर
ओढणी काहीतरी धरून ठेवत होती.
आठ नंबर, तेल लावलेली, नवीसारखी चमकत.
शेजारची बाई म्हणाली, ओढ की, फाटली तर फाटली.
मी बॅग मांडीवर घेतली,
कापड दोन बोटांत ताणलं,
आणि पुढं ढकलत गेले.